हवेला वाट

उपग्रह बांधणाऱ्या संस्थेत शिवणघर असतं असं सांगितलं की लोकांना आधी थट्टाच वाटते. पण असतं. तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या भिंतींची एक लांबट खोली, मधोमध दरवाज्याएवढं काचेचं टेबल, त्याच्या पोटात दिवे, दोन शिवणयंत्रं, आणि भिंतीला एक लोखंडी कपाट. या खोलीत उपग्रहाची पांघरुणं शिवतात.

दोघी जणी होत्या तिथे. थोरलीला सगळी इमारत आत्या म्हणायची, अगदी संचालकही. धाकटी तिच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून ती सगळ्यांची भाची. भाचीची आई ती चार वर्षांची असताना देवाघरी गेली. वेण्या घालण्यापासून फाटक्या दप्तराला ठिगळ लावण्यापर्यंत तिचं सगळं आत्यानं केलं, आणि सुई कशी धरायची तेही तिनंच शिकवलं. पुढे भाचीला या नोकरीत आणलं तेव्हा वशिल्याची कुजबुज झाली. आत्यानं भर उपाहारगृहात सांगितलं, "हो, लावलाय वशिला. आता तिचा एक टाका वाकडा काढून दाखवा, मी राजीनामा देते." कुणी काढून दाखवला नाही.

आता, उपग्रहाला पांघरूण कशाला, हे आधी समजून घेऊ. नाहीतर पुढचं दुखणं कुठे आहे ते कळायचं नाही. आपल्याला देवानं हवेचं पांघरूण घातलंय. ते इतकं हलकं, की अंगावर आहे हेच आपण विसरतो. ऊन फार झालं तर ते थोडं अडवतं, रात्र पडली तर दिवसाची ऊब धरून ठेवतं, आणि इकडची ऊब वाऱ्याच्या हाती तिकडे धाडतं. वर, जिथे उपग्रह फिरतो, तिथे हे काहीच नाही. उन्हाकडची बाजू उकळत्या पाण्याहून तापते, आणि तिथून हातभर अंतरावर सावलीतली बाजू बर्फालाही ऊबदार म्हणावं इतकी गारठते. मध्यस्थी करायला वारा नाही. आतली यंत्रं मात्र नाजूक. त्यांना आपल्यासारखंच फार ऊनही सोसत नाही आणि फार थंडीही. म्हणून माणसानं देवाची नक्कल करायची ठरवली. कागदाहून पातळ, चांदीसारखी चकचकीत फिल्म घ्यायची, तिचे वीस ताव एकावर एक रचायचे, ताव तावाला चिकटू नये म्हणून मध्ये जाळीचं कापड घालायचं, आणि कडा शिवून टाकायच्या. थोडी उष्णता पहिल्या तावावरून परत फिरते, उरलेली दुसऱ्यावरून, त्यातूनही उरलेली तिसऱ्यावरून. विसाव्यापर्यंत पोचते ती नावाला.

पण नकलेत एक खोट राहते. पांघरूण इथे शिवलेलं, म्हणजे त्याच्या थराथरात इथली हवा. रॉकेट उडालं की दोन मिनिटांत बाहेरची हवा संपते. आतल्या हवेला वाट मिळाली नाही तर ती पांघरूण उशीसारखं फुगवते, शिवण उसवते, आणि सुटलेली झालर कुठल्या यंत्राच्या तोंडावर जाऊन बसेल ते सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक तावाला टाचणीच्या टोकाहून बारीक अशी हजारो भोकं असतात. अशा तावाला शिवणघरात चाळण म्हणायचे. बिनभोकांचा तो कोरा. कोरा ताव वर कधीच जात नाही. इथे काम चालू असताना यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून तो झाकायला वापरतात. दोन्हींच्या गुंडाळ्या एकाच रुंदीच्या, एकाच रंगाच्या, एकाच कपाटात. भोकं इतकी बारीक, की नुसतं बघून फरक कळत नाही. ताव दिव्यावर धरावा लागतो. मग पिठाच्या चाळणीतून ऊन दिसावं तसा उजेड दिसतो.

चूक होऊ नये म्हणून रीत ठरलेली होती. कापणारीनं ताव दिव्याच्या टेबलावर पसरायचा आणि "चाळण" म्हणायचं. दुसरीनं हातातलं काम ठेवून, मान वर करून बघायचं, आणि उजेड दिसला तरच "चाळण" असा पडसाद द्यायचा. मग दोघींनी सही करायची. एक करणारी, एक पाहणारी. पाहणारीची सही नसेल तर काम झालंच नाही असं धरतात.

त्या मंगळवारी सकाळी भाची एकटीच कपाटातल्या उरलेल्या मालाची मोजदाद करत होती. समुद्रावरच्या वादळांची खबर आधी देणारा तो उपग्रह खालच्या दालनात तयार उभा होता. शुक्रवारी तो प्रवासाच्या पेटीत बंद होऊन रॉकेटकडे निघायचा होता. बारा पांघरुणं अंगावर चढली होती. कामच नव्हतं काही. नुसतं मोजायचं आणि कागदावर लिहायचं.

चाळणीची गुंडाळी सहा मीटर जास्त भरली.

भाचीला वाटलं आपण पट्टी चुकीची धरली. तिनं पुन्हा मोजलं. मग काहीतरी सुचून कोऱ्याची गुंडाळी काढली. ती सहा मीटरनं कमी भरली.

साठ सेंटिमीटरचा एक ताव. सहा मीटर म्हणजे दहा ताव.

ती स्टुलावर बसली. पाठीतून घाम फुटला. दहा कोरे ताव कुठल्या तरी पांघरुणात, नाहीतर पांघरुणांत, शिवले गेले होते. कापायचं काम आत्याचं. पाहणारीची सही तिची स्वतःची. आणि प्रश्न असा होता की आपण पाहिलं होतं का.

उत्तर तिला माहीत होतं. म्हणूनच घाम फुटला होता.

वर्षभरापूर्वी आत्या पहिल्यांदा म्हणाली, "जरा दोरा ओवून दे गं, दिवा कमी झालाय का आज?" दिवा होता तेवढाच होता. मग कापायच्या नकाशावरचे आकडे वाचून दाखवायचं काम आपोआप भाचीकडे आलं. मग आत्या बसमधून उतरताना पायानं पायरी चाचपायला लागली. दोघींनी यावर अवाक्षर काढलं नाही. उपग्रहाच्या कामाला डोळ्यांची तपासणी लागते आणि आत्याची तपासणी पुढच्या वर्षी होती. निवृत्तीला चार महिने राहिले होते. तेवढे निभावले की झालं. आत्याचे हात तर होतेच. ताव हातात आला की अंगठ्याखाली घासून ती क्षणात सांगायची चाळण की कोरा. दिव्याकडे तिला बघावंही लागायचं नाही. आणि ती "चाळण" म्हणाली की भाची मान खाली घालून, टाका न सोडता, "चाळण" म्हणायची. आत्याच्या शब्दावर दिवा कशाला धरायचा? तसं करणं म्हणजे तिला तोंडावर आंधळी म्हणण्यासारखंच होतं.

असं वर्षभर चाललं.

जेवणाच्या सुट्टीत आत्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पाय वर घेऊन बसली होती. ओठ हलत होते. दुपारचं नामस्मरण ती कधी चुकवत नसे. भाची समोर उभी राहिली.

"आत्या, तुझ्या डोळ्यांचं काय झालंय?"

"काय व्हायचंय? दोन आहेत. मोजून घे."

"मी थट्टा करत नाही."

"मग बस की. उभी राहून माझ्यावर सावली पाडू नकोस, आधीच उजेडाची बोंब आहे."

भाची बसली आणि तिनं गुंडाळ्यांचं सांगितलं. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "मोजायला चुकली असशील."

"तीनदा मोजलं."

"मग त्या झाकणवाल्या पोरांनी नेला असेल न सांगता. कोरा त्यांनाच लागतो."

"आणि चाळण सहा मीटर वाढली ती? तीही त्यांनीच आणून ठेवली?"

आत्या तोंड वळवून म्हणाली, "तीस वर्षं झाली मला. माझ्या बोटांना विचार, ती चुकत नाहीत."

"तेच विचारायला आलेय," भाची म्हणाली, आणि तिनं खिशातून नव्या हातमोज्यांचं पाकीट काढलं.

हे हातमोजे दोन महिन्यांपूर्वी आले होते. बोटांचा तेलकटपणा जरी पांघरुणाला लागला, तरी वर निर्वात जागी तो वाफ होऊन उडतो आणि जिथे गार काच सापडेल तिथे जाऊन बसतो. कॅमेरा धुरकट होतो. म्हणून जुने पातळ मोजे बंद झाले होते, आणि एकावर एक असे दोन जाड मोजे घालायचा हुकूम निघाला होता. आत्यानं तेव्हा दोन दिवस कुरकुर केली होती, "बोटांना बोळे कोंबल्यासारखं वाटतं." सगळे हसले होते. भाचीही हसली होती.

आत्यानं मोजे घातले, दोन्ही थर. भाचीनं कापलेले दोन तुकडे, एक चाळणीचा, एक कोऱ्याचा, तिच्या हातात दिले. आत्यानं घासून पाहिले. अंगठा हळू फिरवला, मग जोरात.

"हा चाळण."

भाची काही बोलली नाही. तिनं तुकडे घेतले, पाठीमागे अदलाबदल केली, पुन्हा दिले.

"हा. नाही... थांब. हा."

पुन्हा चुकलं होतं. भाचीच्या चेहऱ्यावरचं तिला दिसलं नसेल, पण न बोलणं ऐकू आलं. तिनं दातांनी ओढून मोजे काढले, फेकले, आणि उघड्या बोटांनी तुकडे धरले. क्षणही लागला नाही. "हा कोरा. ही चाळण. बघ! बघ की! मला कळतं गं. उघड्या बोटांना कळतं."

"हो," भाची म्हणाली.

कुणीतरी दार उघडून आत डोकावलं आणि परत गेलं.

"चाचणीत पास झालंय ना पण?" आत्या हळू म्हणाली. "त्या मोठ्या टाकीत ठेवून सगळी हवा काढली होती. काही फुगलं नाही."

"टाकीतली हवा चार तासांत काढतात, आत्या. सावकाश. शिवणीतून झिरपून जाते. वर दोन मिनिटं मिळतात."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. तूच शिकवलंयस."

आत्यानं पदर तोंडाशी धरला. "चार महिने राहिले होते," ती म्हणाली. मग पदर सोडून, "तू जाऊन सांगणार."

हा प्रश्न नव्हता, तरी भाचीनं उत्तर दिलं. "हो."

*

उपग्रहाच्या तापमानाचा सगळा हिशेब ज्याच्याकडे होता त्या अभियंत्याला पाठीमागे सगळे 'पारा' म्हणायचे. कामामुळेही, आणि चढतो-उतरतो म्हणूनही. भाचीनं सांगितलं तेव्हा पारा चढला नाही. तो पांढरा पडला.

"मोजे कुठल्या तारखेला आले?" एवढंच त्यानं विचारलं. त्या तारखेनंतर पहिलं पांघरूण शिवलं गेलं होतं ते ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याभोवतीचं. तेच फुगलं असतं तर कॅमेऱ्याचं तोंड झाकलं गेलं असतं, आणि आपलं तोंड कुठे आहे हेच उपग्रहाला कळलं नसतं.

संध्याकाळी ते उतरवून उसवलं. सामान तपासून सह्या गोळा करणारा तपासनीस, सावकाश बोलणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस, एकेक ताव दिव्यावर धरत गेला. विसापैकी सहा कोरे निघाले.

दहापैकी सहा. चार कुठे होते?

बुधवारी सकाळी नऊला चौकशी बसणार होती. आत्या आणि भाची एकाच बसनं आल्या, एकाच बाकावर बसून. घरी आदल्या संध्याकाळी आत्या जेवली नव्हती. बस वळणावर आली तसं तिनं भाचीचं मनगट धरलं.

"ऐक. मी बोलेन. तू नुसती मान डोलव."

"काय बोलणार आहेस?"

"त्या दिवशी तू नीट पाहिलंस, दिव्यावर धरलंस, चाळण होती. नंतर तू बाहेर गेलीस, माझ्या हातून सहा ताव खराब झाले, आणि मी तुला न विचारता नवे कापून घातले. चुकून कोऱ्याचे. आणखी चार कापले ते वेडेवाकडे झाले म्हणून कचऱ्यात टाकले. दहाचा मेळ बसला. माझं काय, मी चाललेच आहे. तुझी सही वाचते."

"हे खोटं आहे."

"मग? मला काय देवाला तोंड दाखवायचं नाही? मी बघेन त्याचं आणि माझं." तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. "तुला पुढे पंचवीस वर्षं काढायचीत इथे. पाहणारीची सही एकदा गेली की परत मिळत नाही. तुझ्या बापाला मी शब्द दिलाय."

बस थांबली. आत्यानं पायरी चाचपली, आणि भाचीनं नेहमीसारखा हात पुढे केला.

*

चौकशीची खोली लहान होती. टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग. पारा खिडकीला पाठ करून बसला. तपासनिसानं बारा पांघरुणांचे बारा कागद ओळीनं मांडले. प्रत्येकावर दोन सह्या. आत्याची मोठी, पसरट, आणि भाचीची तिच्या खाली, बारीक, जशी शाळेत शिकलेली.

आत्यानं ठरल्याप्रमाणे सांगितलं. कुठे अडखळली नाही. इतकं सरळ सांगितलं की भाचीलाही क्षणभर ते घडल्यासारखं वाटलं: आपण बाहेर गेलो होतो, आत्या एकटी, घाईत, कात्री चालवतेय.

पारानं श्वास सोडला. "म्हणजे चूक एका पांघरुणापुरती. बाकीची अकरा दोघींनी पाहिलेली आहेत."

"डोळ्यांत तेल घालून," आत्या म्हणाली.

"मग बरं आहे. एवढं एक नवं शिवायचं. भाची आहे, तपासनीस पाहणारा म्हणून बसतील. शुक्रवार गाठता येईल." तो भाचीकडे बघून हसला, बिचारा. रात्रभर झोपला नव्हता. "शुक्रवार चुकला तर रॉकेटवरची आपली जागा दुसऱ्याला जाते, आणि आपण आठ महिने मागे. आठ महिन्यांत वादळांचा एक अख्खा हंगाम जातो."

तपासनिसानं पेनाचं टोपण काढलं. "आपण पाहणारी म्हणून होतात," तो भाचीला म्हणाला. "आत्याबाई सांगतात ते बरोबर आहे ना?"

भाचीनं कागदांकडे पाहिलं. नुसती मान हलवायची होती. तेवढ्यानं आत्याची एकच चूक राहात होती, एका घाईच्या दुपारची, जी कुणाच्याही हातून होऊ शकली असती. डोळ्यांचं नाव निघत नव्हतं. तिची स्वतःची सही राहात होती. शुक्रवार राहात होता. आणि चार ताव कचऱ्यात होते. कारण आत्यानं तसं म्हटलं होतं, आणि आत्याच्या शब्दावर दिवा धरायचा नसतो.

"नाही," ती म्हणाली.

आत्यानं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. जोरात.

"मी पाहिलं नव्हतं," भाची म्हणाली. "त्या दिवशी नाही, आणि इतर दिवशीही नाही. ती म्हणाली की मी म्हणायचे. मान वर करायची नाही. वर्षभर."

"अगं ए," आत्या म्हणाली. "घाबरलीय हो ती. काहीतरीच बोलतेय."

"तिला दिसत नाही," भाची म्हणाली. "मला माहीत होतं. मीच दोरे ओवून देते. बोटांवर चालत होतं तिचं, आणि मोजे आले तेव्हा बोटंही गेली. ते चार ताव कचऱ्यात नाहीत. कुठे आहेत मला माहीत नाही. अकरांपैकी कशातही असतील."

पारा खिडकीकडे वळला आणि पाठमोराच राहिला.

तपासनिसानं टोपण पुन्हा लावलं. त्यानं अकरा कागद गोळा केले, कडा जुळवल्या, आणि ते उलटे करून ठेवले. "मग या सह्या नाहीतच," तो म्हणाला, नेहमीच्याच सावकाश आवाजात. "दोघींच्याही. अकराच्या अकरा उतरवावी लागतील. आणि आपण दोघींनी आता दालनात यायचं नाही."

आत्या उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि भाचीकडे वळली. राग होता, पण त्याहून जास्त असं काहीतरी होतं, जसं भर रस्त्यात कुणीतरी अंगावरचं वस्त्र ओढावं.

"माझं मी म्हटलं असतं," ती म्हणाली. "तू कशाला म्हटलंस?"

*

दालनाच्या वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी एक काचेचा सज्जा होता. शाळांच्या सहली यायच्या तेव्हा मुलं तिथे नाकं चिकटवून उभी राहायची. आत जायला बंदी, घरी जायला मन धजेना, म्हणून दोघी तिथे आल्या. एकत्र नाही. आत्या आधी आली आणि कोपऱ्यात उभी राहिली. भाची मागून आली आणि दोन हात अंतर सोडून थांबली.

खाली उपग्रह अर्धा उघडा उभा होता, थंडीत आंघोळीला कपडे काढलेल्या मुलासारखा. दुसऱ्या संस्थेतून दोन शिवणारणी बोलावल्या होत्या, त्या संध्याकाळी पोचणार होत्या. तोवर पारा आणि तपासनीस स्वतःच पांघरुणं उसवत होते. अभियंत्याच्या हाताला शिवण काय कळणार; तो कात्रीनं कडाच कापत होता. तीस-तीस तास बसून घातलेले टाके.

भाचीनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. काय मागावं हेच तिला कळेना. पांघरुणं चांगली निघोत म्हणावं तर मग आपण हे कशासाठी केलं? वाईट निघोत म्हणावं तर ते कुठल्या तोंडानं मागायचं? शेवटी तिनं नुसतं नावच घेतलं, मागणं सोडून दिलं.

पहिलं पांघरूण, वीस ताव, सगळे चाळण. दुसरं चांगलं. तिसरं चांगलं. पारा दर वेळी अंगठा वर करायचा, आणि प्रत्येक चांगल्या पांघरुणागणिक भाची उरलेली पांघरुणं पुन्हा पुन्हा मोजत गेली. चौथं चांगलं. पाचवं.

"किती झाली?" आत्यानं विचारलं. चौकशीनंतरचे तिचे पहिले शब्द. काचेकडे तोंड करूनच.

"पाच."

"चांगली?"

"पाचही."

"मग?" आत्या म्हणाली. "मिळालं का तुला काही? माझा कचरा खरा निघाला तर त्या बिचाऱ्याचा शुक्रवार गेला, माझी तीस वर्षं गेली, आणि तुझी भाकरी गेली. कशापायी? नुसतं खरं बोलायची हौस म्हणून?"

भाचीला वाटलं म्हणावं, तुझा कचरा खरा नाही हे तुलाच सगळ्यांत आधी माहीत आहे. पण ती म्हणाली नाही.

सहावं चांगलं निघालं.

सातवं बॅटरीच्या झाकणावरचं होतं. लहान, पण शिवायला किचकट, चार कोपरे आणि मध्ये तारांसाठी खाच. मोजे आल्यानंतर आठवड्याभरात झालेलं. पारानं कड कापली, वरचे ताव सोडवले, एक दिव्यावर धरला, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. मग एक ताव धरून तो तसाच थांबला. तपासनीस जवळ आला. दोघांची डोकी एकत्र आली. पारानं ताव उलटा करून पुन्हा धरला.

सज्जात काही ऐकू येत नव्हतं. आत्यानं कपाळ काचेला टेकवलं.

"का थांबलेत?" तिनं विचारलं. "हालत का नाहीत?"

भाची डोळे बारीक करून खाली बघत होती.

"बोल की! खाली नुसतं पांढरं-पांढरं दिसतंय मला. माणूस कुठला, टेबल कुठलं, काही कळत नाही." आवाज चिरका झाला होता. वर्षभर कुणापुढे न निघालेला तो शब्द तिच्या तोंडून असा निघून गेला, आणि तिनं तो परत घ्यायचा प्रयत्नही केला नाही. "काय धरलंय त्यानं?"

"कोरा धरलाय," भाची म्हणाली.

आत्या काचेपासून दूर झाली नाही. तिचा श्वास काचेवर उमटला, गेला, पुन्हा उमटला.

"किती?"

भाची मोजत राहिली. पारा एकेक ताव वेगळ्या ढिगावर ठेवत होता. आता तो अंगठा दाखवत नव्हता, वर बघतही नव्हता. "एक. दोन." बराच वेळ गेला. "तीन. संपले. वीस झाले."

"तीनच?"

"तीनच."

"म्हणजे अजून एक आहे," आत्या म्हणाली.

खाली पारानं मोजे बदलले आणि आठव्या पांघरुणाच्या पट्ट्या सोडायला सुरुवात केली. आत्या दोन पावलं बाजूला सरकली. तिचा हात हवेत शोधत आला, भाचीच्या दंडाला लागला, आणि तिथेच राहिला. मायेनं नाही, आधाराला कठडा धरावा तसा.

"सांगत राहा," ती म्हणाली. "जे दिसेल ते. काही गाळू नकोस."

भाचीनं सांगायला सुरुवात केली.